नंदीवेशीचा फेटा

“शब्द दिलाय न्हवं तुला? दौलतला वर घेतो म्हनलंय, तर घेतो. आता तू त्या गोऱ्याकडं बघ.”

रावसो सरनाईक हे बोलले ते आरशाकडे तोंड करून. स्वतःच्या फेट्याचा तुरा बसवण्यात ते गुंतले होते, माझ्याकडे वळून बघायची तसदी त्यांनी घेतली नाही. स्टेडियमच्या पॅव्हेलियनमधली खोली होती ती. टेबलावर जांभळे फेटे रांगेनं मांडलेले, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एलोय कारमोना नावाचा जगप्रसिद्ध माणूस शहाळ्यातल्या नळीशी झटापट करत बसलेला.

“नुसतं वर घ्यायचं नाही, काका,” मी म्हणाले. “फेटा कारमोनाच्या हातून. असं ठरलंय आपलं.”

“पुण्याला जाऊन लई बोलायला लागलीस,” रावसो म्हणाले आणि निघून गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रावसो अंथरुणाला खिळलेत म्हणतात. माझा राग मात्र अजून चांगला चालता-फिरता आहे.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेचा गणपती तालमीचा, भांडणं तालमीची आणि फुटबॉलचा संघही तालमीचा. आमची पेठ नंदीवेस. माझे वडील दौलत इंगवले, मी त्यांना आबा म्हणते, नंदीवेस तालमीचे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांनी गोल मारला की लोक त्यांना खांद्यावरून घरापर्यंत आणायचे आणि आई गुलाल झाडता झाडता कातावून जायची. मग एका वर्षी तालमीनं त्यांना अख्खा हंगाम बाकावर बसवलं. दुखापत नव्हती, काही नव्हतं. कप्तानाच्या धाकट्या भावाला ती जागा हवी होती, एवढंच. कप्तान आणि गोलकीपर होते रावसो सरनाईक.

पुढच्या हंगामात आबा चांदणी बोळ तालमीकडून खेळले. चांदणी बोळ म्हणजे आमची सात पिढ्यांची दुश्मनी. फायनल नेमकी या दोघांतच झाली आणि आबांनी डोक्यानं गोल मारून आपल्याच पेठेला हरवलं. त्या संध्याकाळी चौकात त्यांची जुनी जर्सी जाळली. गणपतीत आरतीची पाळी आमच्या दारावरून उडी मारून पुढच्या घरी जायला लागली. नळावर आईशी कुणी बोलेना. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. “तुझा बाप गद्दार” हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी पाठ केलं.

पुढे काळ बदलला. पोरं दर हंगामाला इकडची तिकडे उड्या मारायला लागली, परत आली, फेटे बांधून घेऊन फोटोत हसायला लागली. सगळ्यांना माफी मिळाली. एका आबांना नाही. तालमीच्या वार्षिक समारंभात सगळ्या जुन्या खेळाडूंना फेटा बांधतात. आबांना त्याचं बोलावणं कधीच आलं नाही. “गोल मारला ते मारला, पन तसं करायला नको हुतं,” असं म्हातारे म्हणायचे. तसं म्हणजे पेठ सोडणं, असं मी समजत होते.

आणि त्या वर्षी त्याच चौकात, जिथे जर्सी जाळली तिथेच, तीन मजली बॅनर लागलं होतं. त्यावर एलोय कारमोना. स्पेनचा निवृत्त स्ट्रायकर, तालमीच्या स्पर्धेचा खास पाहुणा. पेठेतल्या निम्म्या पोरांनी त्याच्यासारखे केस कापले होते. हा कारमोना आपल्या गावचा संघ सोडून नदीपलीकडच्या दुश्मन संघात गेला होता आणि त्यानंही जुन्या संघाविरुद्ध गोल मारला होता. ते सगळ्या जगाला माहीत होतं, नंदीवेशीलाही. पण तो पडला गोरा आणि दूरचा, त्याचं सगळं माफ. तालमीला स्पॅनिश बोलणारं माणूस हवं होतं. मी पुण्यात दुभाषीचंच काम करत होते. रावसोंचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, येते, पण त्या दिवशी आबांच्या डोक्यावर नंदीवेशीचा फेटा चढला पाहिजे. रावसो “बरं” म्हणाले.

“हे डोक्यावर घालायचं आहे का?” कारमोनानं फेट्याकडे बोट दाखवलं.

“तुम्हालाही बांधतील, आणि तुम्हीही एकाला बांधायचा आहे,” मी सांगितलं. “हा मान असतो.”

“जिथे जातो तिथे डोक्यावर काहीतरी घालतात,” तो हसून म्हणाला. “मेक्सिकोत टोपी, तुर्कस्तानात आणखी काही. घरी एक कपाट भरलंय.”

माणूस वाईट नव्हता. त्याला कशाचंच ओझं नव्हतं, इतकंच.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी आबांना शोधायला गेले. स्टेडियमच्या पायऱ्यांवर एका बाजूला नंदीवेशीचे जांभळे झेंडे, समोर चांदणी बोळाचे पिवळे. आबा मधल्या मोकळ्या पट्ट्यात एकटेच बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर शेंगांची पुडी.

“आबा, इथं काय बसलाय? पुढं चला की. स्टेजवर बोलावणार हायत तुम्हाला.”

“बोलावू दे, मग बघू.”

“आज फेटा बांधणार हायत. रावसोकाकांनी कबूल केलंय.”

त्यांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. “रावसोनं? कबूल केलं?” आणि हसले. मला वाटलं, सुखावलेत.

“तुम्ही आलाय तेच लई झालं,” मी म्हणाले.

“मी त्या गोऱ्या पोराला बघायला आलोय. हेडिंग काय हुतं गं त्याचं! बॉल येतोय कुठनं, ह्यो उठतोय कुठनं.” मग मान हलवून म्हणाले, “एकच गोष्ट मला त्याची कधी पटली न्हाई.”

“कोणती?”

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. मी धावत खाली गेले.

मैदानाच्या कडेला स्टेज बांधलं होतं. हलगी वाजली, कारमोनाला फेटा बांधला, लोकांनी “एलोय! एलोय!” करून घसा फाडला. मग जुने खेळाडू एकेक करून वर आले. प्रत्येकाला रावसो स्वतः फेटा घालत होते आणि कारमोना हात मिळवत होता. चांदणी बोळाकडून दोन हंगाम खेळून आलेला एकजण आला. तालमीचा करंडक दारूच्या भरात पंचगंगेत टाकलेला एकजण आला, त्यालाही फेटा. मी प्रत्येक नावाला पायऱ्यांकडे बघत होते. शेवटी टेबलावरचे फेटे संपले आणि हलगी थांबली.

मी रावसोंच्या कानाशी गेले. “काका, आबांचं नाव?”

“येळ झालाय.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“पब्लिक तापंल,” ते दातांत बोलले. “समदं जमून आलंय, त्यात खडा टाकू नको. फेटा घरी पाठवून देतो, झालं?”

घरी पाठवून देतो! जशी काही लग्नातली राहिलेली बुंदी. आणि माईक माझ्याच हातात होता.

मग मुलाखत. इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. दुभाषी “ते म्हणतात की” असं म्हणत नाही. समोरचा “मी” म्हणाला की आपणही “मी”च म्हणायचं. कारमोना बोलायचा आणि मी मराठीत सांगायचे, मी दहा वर्षांचा असताना बुटांशिवाय खेळलो, मी अमुक सामन्यात दोन गोल मारले. बाईच्या तोंडून “मी खेळलो” ऐकून कुणी हसलं नाही. आमच्या कोल्हापुरात बायका एरवीही “मी आलो, मी गेलो” म्हणतात. दोन-चार उत्तरांनंतर लोक मला विसरले. माझा आवाज त्याचाच आवाज झाला.

रावसोंनी विचारलं, “आपला संघ सोडून दुसरीकडं गेलात, आनि आपल्याच मानसांवर गोल मारलात. तवा काय वाटलं?”

कारमोनानं छातीवर हात ठेवला. हे उत्तर मी तयारी करताना त्याच्या कितीतरी मुलाखतींत ऐकलं होतं, शब्दाला शब्द. मी सांगितलं, “गोल झाला, पण मी आनंद साजरा केला नाही. मी दोन्ही हात वर करून मान खाली घातली. ते माझे लोक होते. त्यांचा मान मी राखला.”

काय टाळ्या पडल्या! रावसोंनी तर माईक जवळजवळ खाल्ला. “ह्याला म्हनत्यात संस्कार! गोल मारला, पन मान खाली घातली. न्हाईतर आमच्यातबी एक हुता. खाल्लं नंदीवेशीचं, आनि…” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि थेट मधल्या पट्ट्याकडे पाहिलं. जांभळ्या बाजूनं आरोळी उठली, “दौल्याऽऽ!” आणि शिट्ट्या, हुर्यो. माझे आबा शेंगा सोलत होते.

“सांग की त्यास्नी,” रावसो मला हसत म्हणाले. “गंमत सांग आमची.”

मी कारमोनाला सगळं सांगितलं. शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, “ज्याच्यावर हे हसताहेत तो माणूस तिथे बसलाय. तो माझा बाप आहे. त्याला आज तुम्ही फेटा बांधायचा होता.”

त्याचं हसू क्षणभर मावळलं. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं, पण त्या गर्दीत त्याला कोण दिसणार? मग समोरचे कॅमेरे दिसले आणि हसू परत जागेवर आलं. “वाईट वाटलं ऐकून,” तो म्हणाला. “माझ्या वतीनं काहीतरी चांगलं बोल ना. काय बोलायचं ते तुला नीट माहीत.”

बोल म्हणाला. मग मी बोलले.

“मी माझा संघ सोडला नाही,” मी माईकवर म्हणाले. “मला एक अख्खा हंगाम बाकावर बसवलं. पाय शाबूत होते, दम होता, गोल येत होते. पण कप्तानाच्या घरातल्याला जागा हवी होती. मी वर्षभर बाकावर बसून दुसऱ्यांच्या बुटांच्या नाड्या बघितल्या. तेव्हा माझ्यासाठी एकानंही तोंड उघडलं नाही.”

कारमोना माझ्याकडे बघत समजल्यासारखी मान हलवत होता.

“मग दुसऱ्यांनी बोलावलं, मी गेलो. खेळणारा माणूस खेळणारच. मी गोल मारला, आणि माझ्या लोकांनी माझी जर्सी जाळली. माझ्या बायकोशी बोलणं टाकलं. माझ्या लहान पोरीला शाळेत गद्दाराची पोर म्हटलं. सणासुदीला लोक माझं दार ओलांडून पुढच्या दारात जायचे. त्या गोलानंतर मी घरी येऊन रडलो. आणि आज इतकी वर्षं मी वाट बघतोय, माझ्या माणसांनी मला एकदा हाक मारावी म्हणून.”

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. जांभळी बाजू उठून उभी राहिली. आडदांड गडी डोळे पुसत होते. “एलोय! एलोय! आमी हाय तुज्यामागं!” कुणीतरी ओरडलं, “त्याच्या गावाच्या नावानं बोंब!” फेटे घातलेले म्हातारे टाळ्या वाजवत होते, फक्त त्यांतले दोघे एकमेकांकडे बघून विचित्र हसले. कारमोनाला एक शब्द कळला नव्हता, पण टाळ्या कळल्या. त्यानं दोन्ही हात वर करून चारी बाजूंना अभिवादन केलं.

आणि माझं डोकं फिरलं. त्याच्यासाठी रडताय? त्याच्यासाठी?

“थांबा!” मी ओरडले. “हे कारमोना बोलले नाहीत. हे सगळं दौलत इंगवलेंचं आहे. ते तिथे बसलेत, तुमच्या डोळ्यांसमोर, शेंगा खात. मारा आता हाक! कप्तान कोण होता, तेही सांगू का?”

वर उचललेले हात तसेच राहिले. एकानं टाळी वाजवायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. रावसोंनी माझ्या हातातून माईक हिसकावला. “पोरगी आजारी हाय,” ते म्हणाले, “हलगी वाजवा रं!” हलगी सुरू झाली. तालमीचा एक पदाधिकारी मला दंडाला धरून खाली घेऊन आला आणि त्यानं मला राखीव खेळाडूंच्या बाकाकडे ढकललं. “बस हितं गप. लायकी नसताना वर घेतलं की असं हुतंय.”

मी बसले. पायऱ्यांकडे पाहिलं तर मधल्या पट्ट्यात नुसती शेंगांची टरफलं. आबा फाटकाकडे चालले होते. मी मागे धावले.

बाहेर ते स्कूटरला किक मारत होते. स्कूटर चालू होत नव्हती आणि ते तिला शिव्या घालत होते. मला पाहून थांबले. इतके संतापलेले आबा मी आयुष्यात पाहिले नव्हते.

“कोन वाट बघतंय?”

“आबा…”

“त्यांच्या हाकेची कोन वाट बघतंय एवढी वर्सं? मी? कुनी सांगितलं तुला?”

“मी तुमची बाजू मांडली. त्यांनी तुमच्यावर अन्याय केला…”

“केला. मग? म्होरच्याच साली फेडला की मी! आनि रडलो म्हनं. कोन रडलं?”

“आई सांगायची.”

आबांनी किकवरचा पाय काढला. “तुज्या आईला त्याच नळावर पानी भरायचं हुतं. ती सांगत फिरली, मानूस पस्तावलाय, घरात रडतंय. मी तिला खोटं पाडलं न्हाई. तेवढं तिच्यासाठी केलं. पन मी रडलो न्हाई. सवरुपा, त्यो माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी गोल हुता.”

“मग काय झालं होतं? सगळे म्हणतात, तसं करायला नको होतं…”

“त्यो चिखलात पालथा पडलेला, रावसो. बॉल जाळ्यात. मी पळत गेलो, त्याच्या म्होरं हुबा ऱ्हायलो आनि कमरेत वाकून तीन येळा मुजरा केला.” भर रस्त्यात त्यांनी करून दाखवला, हात जमिनीपासून कपाळापर्यंत, दरबारात करावा तसा. “आनि म्हनलं, कप्तान, बाकावरनं आलोय.”

ते सरळ उभे राहिले आणि हात झटकले.

“अख्खं स्टेडियम हसलं. नंदीवेशीची पोरंबी हसली. त्याला गोल न्हाई लागला गं, ते हसू लागलं. गोल सगळ्यांचे माफ हुत्यात. मुजरा हुईत न्हाई.” आबांचे डोळे चमकत होते. “फेटा पायजे असता तर मी मुजरा घातला असता व्हय? त्या गोऱ्याचं तेवढंच मला पटत न्हाई. गोल मारायचा आनि तोंड पाडून हुबं ऱ्हायचं. मग मारायचा कशाला?”

“तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तू कधी विचारलंस? तू मनात बाप रडवूनच बसलीस.” त्यांनी परत किक मारली. “सगळ्या गावासमोर मला भिकारी केलंस. दुभाषी म्हनवतीस, दुसऱ्याचं बोलनं जसंच्या तसं सांगतीस. बापाचं तेवढं चुकीचं सांगितलंस.”

स्कूटर चालू झाली. पण ते निघाले नाहीत. इंजिन धडधडत होतं आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी वळले आणि आत गेले.

प्रदर्शनीय सामना सुरू व्हायचा होता. दोन्ही संघ मैदानात उतरले होते. मध्यरेषेवर बॉल, बॉलशेजारी कारमोना आणि रावसो, भोवती फोटोवाले. मी बाकापाशी गेले, तिथून सरळ मैदानात शिरले. कुणीतरी “ए, ए” म्हणालं. मी चालत राहिले आणि रावसोंच्या समोर जाऊन उभी राहिले.

“काय गं?” ते म्हणाले. “आता काय ऱ्हायलं?”

मी कमरेत वाकले. हात जमिनीपासून कपाळापर्यंत नेला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

“बाकावरनं आलोय, काका.”

रावसोंचा चेहरा उतरला. हात आपोआप फेट्याकडे गेला. पिवळ्या बाजूच्या कुणा म्हाताऱ्यानं पहिली शिट्टी मारली, लांब, कान फोडणारी. मग स्टेजवरचे ते दोघे फेटेवाले हसायला लागले. मग सगळीकडून हसू आलं, पिवळ्या बाजूनं, जांभळ्या बाजूनं, आणि जुन्या लोकांनी शेजारच्या पोरांना ते काय होतं हे ओरडून सांगायला सुरुवात केली. आबा फाटकात उभे होते, स्कूटर तशीच चालू ठेवून.

कारमोना गोंधळून सगळीकडे बघत होता. “हे काय होतं?” त्यानं मला विचारलं.

“माझे वडील बोलले,” मी म्हणाले. “मी फक्त दुभाषी.”